लाँगहॉर्न ओळखायचाय? नुसत्या मिशांवर जाऊ नकोस

अरे, भुंगेऱ्याला लांब मिशा (अँटेना) दिसल्या की लगेच तो लाँगहॉर्न भुंगेऱ्यांच्या फॅमिलीतला म्हणू नकोस, या फॅमिलीत आखूड मिशांचे भुंगेरेपण आहेत. आधी डोळा बघ, बहुतेकांचा मिशीच्या बुडाशी खाच पडून काजूसारखा वळलेला असतो, मग पावलं, भाग चारच वाटतात पण पाच असतात, चौथा इवलासा तिसऱ्याच्या खाचेत लपलेला. जाती 35,000च्या वर आहेत, म्हणून आधी सबफॅमिली, म्हणजे फॅमिलीतला पोटगट, ठरव. चेहरा सरळ खाली वळलेला आणि तोंडाजवळच्या पाल्पचं (छोट्या मिशीसारख्या अवयवाचं) टोक अणकुचीदार असेल तर बहुतेक लॅमिनी, चेहरा पुढे आणि टोक बोथट असेल तर सेरॅम्बिसिनी. मोठा, तपकिरी, छातीच्या कडेला दाते, तर प्रायोनिनी. फोटो समोरून आणि बाजूनंही काढ, वरून यातलं फारसं दिसत नाही. आणि झाड कुठलं ते लिहून ठेवच, अळ्या बहुतेक लाकूडच पोखरतात.