महालक्ष्म्यांचं जेवण आणि खंडेनवमीची पूजा: बायबलप्रमाणे ख्रिस्ती माणसाने काय करावं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. जालन्यात शेजारी महालक्ष्म्यांच्या जेवणाला बोलावतात, तर जावं का? आणि स्टीलच्या कारखान्यात खंडेनवमीला मशीनची पूजा होते, तेव्हा तिथं उभं राहावं का? "मूर्तिपूजा करू नको" एवढ्या आज्ञेवर दोन्ही सुटत नाहीत.

आधी जेवणाचं. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचे (1 करिंथकरांस) 8 ते 10 अध्याय सलग वाचा. एखादंच वचन उचललं की घोटाळा होतो, कारण 8:4 म्हणतं मूर्ती काहीच नाही आणि 10:20-21 म्हणतं भुतांच्या मेजाचे भागीदार होऊ नका. करिंथमध्ये देवळात वाहिलेलं मांस बाजारात विकायला यायचं, आणि अस्क्लेपिओस या ग्रीक आरोग्यदेवाच्या देवळाला लागून तर जेवणाच्या खोल्याच होत्या. म्हणून पौल प्रसंग वेगळे करतो. बाजारातलं मांस चौकशी न करता खा (10:25). कुणी घरी बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा (10:27). पण "हे देवाला वाहिलेलं आहे" असं कुणी सांगितलं, तर खाऊ नका (10:28). तेही अन्न बाटलं म्हणून नव्हे, सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून.

त्या हिशेबाने पोळ्याची पुरणपोळी, दिवाळीचा फराळ, लग्नाची पंगत खुशाल खा. नैवेद्य दाखवला होता का, हे विचारत बसू नका. महालक्ष्म्यांचं तसं नाही. पुरणावरणाचा, सोळा भाज्यांचा स्वयंपाक आधी ज्येष्ठा-कनिष्ठेला दाखवतात, मगच पंगत बसते. कुणी वेगळं सांगायची गरजच उरत नाही, म्हणून माझ्या मते ते 28 व्या वचनात बसतं. आरतीला न थांबता पंगतीला बसलं तर चालतं, असं मानणारे पाळकही आहेत. त्यांचा आधार 8:4.

नाही म्हणायचं असेल तर आवतण आलं तेव्हाच सांगा: "वहिनी, त्या दिवशी जमायचं नाही, उद्या चहाला येतो." वाढलेल्या ताटावरून उठू नका. आणि प्रसाद हातात घेऊन पुढे नालीत टाकणं सगळ्यात वाईट. पौलाच्या सोबत्यांनी आमच्या देवीची निंदा केलेली नाही, असं इफिसचा शहर-अधिकारीच लोकांना सांगतो (प्रेषितांची कृत्ये 19:37).

खंडेनवमीसाठी 2 राजे 5:18-19 पाहा. नामान हा अरामी सेनापती. राजा त्याच्या हाताचा आधार घेऊन रिम्मोन या दैवताच्या देवळात वाकतो, तेव्हा त्यालाही वाकावं लागतं. तो आधीच क्षमा मागतो. संदेष्टा अलीशा रागावत नाही, "शांतीने जा" म्हणतो. उलट दानीएल 3 मध्ये सोन्याच्या मूर्तीपुढे वाकणं हाच राजाचा हुकूम होता, तिथं दानीएलच्या तिघा मित्रांनी साफ नकार दिला. म्हणजे ड्यूटीवर हजर असणं वेगळं, हार घालणं-नारळ फोडणं वेगळं. आदल्या दिवशीच सुपरवायझरला सांगून मशीन पुसणं, ऑइलिंग, खुर्च्या लावणं ही कामं मागून घ्या. ऐनवेळी मागे सरकलात की सगळ्यांच्या नजरेत येतं.

बायबलचा खरा मारा मात्र शेजाऱ्यांवर नाही, घरच्यांवर, म्हणजे देवाच्याच लोकांवर आहे. सोन्याचं वासरू करून मोशेचा भाऊ अहरोन "उद्या परमेश्वराचा सण" अशीच दवंडी देतो (निर्गम 32:5); देवाचं नाव खरं, भक्तीची रीत खोटी. पुढे इस्राएलचा राजा यराबामाने तसलंच एक वासरू बेथेलात ठेवलं. मोशेने देवाच्याच सांगण्यावरून केलेल्या पितळी सापापुढे लोक धूप जाळू लागले, तेव्हा राजा हिज्कीयाने तो फोडून टाकला (2 राजे 18:4). प्रार्थना सभेतून आणलेली तेलाची बाटली ताइतासारखी उशाशी ठेवतात, तिचीही गत तीच व्हायला हवी.