साडेसदतीस सेंटांचं पत्र

चि. .....,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. एप्रिल १८३७ मध्ये बोस्टनहून न्यूयॉर्कच्या एका पेढीला गेलेलं, हॅटच्या एका दुकानदाराचं पत्र. तिकीट नाही, पाकीट नाही, आणि कोपऱ्यात शाईनं ३७½ असा आकडा. हा आकडा टपालदरांच्या तक्त्यात कुठेच सापडत नाही म्हणून तू अडलास. अडलास ते बरंच झालं. जुनी पत्रं जमवणारे पुष्कळ जण टपालाच्या शिक्क्याचा गोल पुरा उमटलाय ना, एवढं बघतात आणि पत्र प्लास्टिकच्या कव्हरात सरकवून मोकळे होतात.

तेव्हा अमेरिकेत पत्राचं हशील, म्हणजे टपालखर्च, दोन गोष्टींवर ठरायचं, अंतर आणि कागदांची संख्या. ३० मैलांपर्यंत ६ सेंट, ८० पर्यंत १०, १५० पर्यंत साडेबारा, ४०० पर्यंत पावणेएकोणीस, त्यापुढे पंचवीस. हे साडे-पावणे तिथे आले स्पॅनिश चांदीमुळे. आठ रेआलांचा स्पॅनिश डॉलर त्या देशात १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होता आणि लोकांच्या खिशात त्याचीच नाणी खुळखुळत. एक रेआल म्हणजे साडेबारा सेंट, दीड रेआल म्हणजे पावणेएकोणीस. बोस्टन ते न्यूयॉर्क दोनशे मैलांच्या वर, म्हणून एका कागदाला पावणेएकोणीस. दोन कागद असले की दुप्पट. झाले साडेसदतीस.

आता तुझ्याकडे कागद तर एकच आहे. मग दुसरा कुठे गेला? तिसऱ्या पानाच्या तळाशी बघ, त्यानं लिहिलंय की सोबत सहा महिन्यांच्या मुदतीची वचनचिठ्ठी, म्हणजे मुदत भरल्यावर पैसे देण्याची लेखी हमी, पाठवत आहे. ती चिठ्ठी म्हणजे दुसरा कागद. टपालातले कारकून संशय आला की पत्र उजेडासमोर धरून आत किती कागद आहेत ते बघत. चिठ्ठी न्यूयॉर्कच्या पेढीनं काढून घेतली, ती वटवायलाच होती. बाहेरचा आकडा मात्र राहिला, आणि आत काय होतं याची साक्ष आज तोच देतो. म्हणून तुला पहिल्यापासून सांगतो आहे, पत्राचं बाहेरचं अंग आणि आतलं अंग एकत्र वाच.

वर ‘पेड’ असं कुठे लिहिलेलं नाही, म्हणजे हे साडेसदतीस सेंट घेणाऱ्यानं भरले. आपल्याकडच्या नॉटपेड पत्रासारखंच, फक्त त्यात दंड नव्हता आणि कुणाला त्यात गैरही वाटत नसे. साध्या मजुराला दिवसभराच्या कामाचा जेमतेम डॉलर मिळायचा, त्यापेक्षाही कमी, हे लक्षात ठेवलंस तर ही रक्कम किती मोठी होती ते कळेल. पाकीटसुद्धा एक कागद म्हणून मोजलं जाई, म्हणून एकच मोठा ताव घ्यायचा, तीन पानं लिहायची, चौथ्याच्या मध्यभागी पत्ता ठेवून घड्या घालायच्या आणि लाखेनं बंद करायचं. चौथ्या पानावर दुमडून आत जाणाऱ्या पट्ट्या नेहमी उलगडून वाच. शेवटच्या क्षणी आठवलेला दर किंवा राहिलेली ऑर्डर तिथे सापडते.

हॅटच्या धंद्याकडे मी तुला वळवलं त्यालाही कारण आहे. तुझा दुकानदार तीन डझन सिल्क हॅट मागतो आणि बीव्हर या केसाळ प्राण्याच्या लोकरीच्या फक्त सहा. या एका ओळीवर मी बराच वेळ थांबलो. दोन शतकं बीव्हरच्या मऊ लोकरीचा फेल्ट, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड, हाच उत्तम हॅटचा माल होता. त्या कातड्यांसाठी माणसं रॉकी पर्वतांपर्यंत गेली, कातड्यांचा व्यापारी जॉन जेकब अ‍ॅस्टर त्यावरच गबर झाला. आणि त्याच अ‍ॅस्टरनं १८३२ मध्ये युरोपातून लिहिलं की इथे बीव्हरऐवजी रेशमाच्या हॅट करू लागलेत, माल खपेल असं वाटत नाही. १८३४ मध्ये तो त्या धंद्यातून बाहेर पडला. तुझ्या पत्रातली मागणी म्हणजे तीच उलथापालथ एका दुकानाच्या फळीवर पोचलेली. फॅशन बदलली असं एका वाक्यात सांगता येतं, पण ती किती डझनांनी बदलली हे अशा पत्रांतूनच कळतं.

एक गोष्ट मात्र या पत्रांत शोधूनही मला क्वचितच सापडली, ती म्हणजे हॅट बनवणारा माणूस. कनेक्टिकटमधलं डॅनबरी हे हॅटचं गाव. फर नीट जमून यावी म्हणून तिला पाऱ्याचं द्रावण लावत, आणि त्या वाफांत काम करणाऱ्यांचे हात कापायला लागत. ‘डॅनबरी शेक्स’ हे नावच पडलं होतं त्याला. अमेरिकेत हा पारा बंद व्हायला १९४१ उजाडलं. दर, डझन, मुदत सगळं वाचताना हेही डोक्यात असू दे.

पुढचे नियम तू पाठ केलेच आहेस: १८४५ मध्ये वजनावर स्वस्त दर, १८४७ मध्ये पहिली तिकिटं, १८५५ मध्ये आगाऊ हशील सक्तीचं. त्यावर मी काही लिहीत नाही.

राहिला तुझा प्रश्न, पुढे काय घ्यावं. चार्ल्सटनचा सुंदर शिक्का असलेलं ते पत्र मोह पाडणारं आहे, पण ते सोड. विक्रेत्याकडे याच पेढीच्या नावची आणखी दोन पत्रं आहेत म्हणालास, शिक्के पुसट असलेली. ती घे. १० मे १८३७ रोजी न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणं देणं बंद केलं, आणि तुझ्या दुकानदाराच्या चिठ्ठीची मुदत भरत होती ऑक्टोबरात. शिक्क्यात साल नसलं तरी हरकत नाही. अरुंद कडेवर पेढीच्या कारकुनानं नाव, तारीख, उत्तर कधी दिलं ते टिपून ठेवलेलं असतं. त्या दोनांपैकी एक जरी मेनंतरचं निघालं, तर चिठ्ठी वटली की नाही ते कळण्याची आशा आहे. आणि विक्रेत्याला विचार, हा गठ्ठा त्यानं कुणाकुणाला फोडून विकला.

हाती आली की आधी स्वतः ओळन् ओळ उतरवून काढ, मग मला पाठव.

तुझा,
काका