छेडछाडीसारख्या किरकोळ गुन्ह्यातल्या पोरांचीही नावं लैंगिक गुन्हेगारांच्या यादीत घालून जाहीर करावीत का?

नको. मुळात अशी नावं यादीत नाहीतच असं धरून तुम्ही विचारलंय. राष्ट्रीय यादी सप्टेंबर २०१८ पासून आहे. ती एनसीआरबीकडे, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाकडे असते, त्यात फोटो, पत्ता, बोटांचे ठसे असतात आणि छेडछाडीत शिक्षा झालेलेही येतात. फक्त ती पोलिसांनाच दिसते. म्हणजे तुम्हाला ती चौकात लावायची आहे.

अमेरिकेत तशी लावली. २००६च्या कायद्याने सर्वांत खालच्या वर्गालाही १५ वर्षं नोंदणी, वरच्याला जन्मभर. काही राज्यांत उघड्यावर लघवी केल्याबद्दलही नाव चढू शकतं. अशी यादी फुगली की खरा धोकादायक माणूस तिच्यात हरवतो.

आता सोलापूरचं बघा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ (लैंगिक छळ) किंवा ७९ची (बाईचा अपमान करणारे शब्द, हावभाव) केस, आरोपी विशीतला. आज त्याला गुन्हा कबूल करून कमी शिक्षा मागायची, नाहीतर प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटका मागायची, असा रस्ता आहे. १९५८च्या प्रोबेशन कायद्याचं कलम १२ म्हणतं, शिक्षेमुळे येणारी अपात्रता अशा माणसाला लागणार नाही. जाहीर यादी नेमकी त्याच्या उलटी. नाव चौकात लागणार म्हटल्यावर कबूल कोण करतंय? तो शेवटपर्यंत लढणार. मग उलटतपासणी फिर्यादीची, तारखाही तिलाच. विडी कामगार बाईला मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते. दिवस कोर्टात गेला की मजुरी बुडाली. तेवढ्यात गल्लीतली मोठी माणसं मध्ये पडतात, "मिटवून टाक" म्हणतात. संमतीने एफआयआर रद्द करून घ्यायला पूर्वी मुंबईचं हायकोर्ट गाठावं लागायचं, ऑगस्ट २०२५ पासून त्याचं कोल्हापूरला सर्किट बेंच आहे. दबाव टाकणाऱ्यांची तेवढी सोयच झाली.

शिवाय कलम ७२ पीडितेचं नाव झाकतं ते ६४ ते ७१ या कलमांपुरतं. छेडछाड त्यात येत नाही. शेजारच्या पोराचं नाव लागलं की मुलगी कोण, हे अख्ख्या पेठेला कळणार. वकिलांच्या बाररूममध्ये "एकदा नाव लागू द्या, सरळ होतात की नाही बघा" म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर आजवर दिलेलं नाही.

पोलिसांपुरती यादी मात्र हवीच. पाठलागाचं कलम ७८ पहिल्यांदा जामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत. दुसऱ्यांदा अजामीनपात्र, पाच वर्षांपर्यंत. पण ही वाढीव शिक्षा मागायची तर आधीच्या शिक्षेची तारीख आणि ठिकाण दोषारोपात लिहावं लागतं. आधीची शिक्षा दुसऱ्या जिल्ह्यातली असेल आणि तपास अधिकाऱ्याने यादी उघडलीच नसेल, तर दुसरा गुन्हा पहिला म्हणूनच चालतो. तुमची फिर्याद असेल तर आरोपीची मागची शिक्षा तपासा, असं सुरुवातीलाच लेखी द्या आणि पोच घ्या.