मान घासू नका

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. दीड वर्षात वजन ५२ किलोवरून ६८ वर गेलं. उंचीही ८ सेंटिमीटर वाढून १५८ झाली. घरातले म्हणतात, वयात येतोय, आपोआप सडसडीत होईल. मला थायरॉइडची शंका येते. रात्रीचं जेवण बंद करू का? झोपायला एक वाजतो, शाळेसाठी सहाला उठतो. दिवसातून दोन तरी थंड पेयं लागतात. (अंघोळही धड करत नाही, कितीही घासली तरी मान काळीच.)
– एक आई

उत्तर : ताई, पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. ती काळी मान बहुतेक मळाची नाही. चरबी वाढली की शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं. त्या जादा इन्शुलिनमुळे मानेवरची, काखेतली त्वचा जाड आणि काळपट होते, हात लावला तर मखमलीसारखी लागते. घासून ती सोलवटेल, उजळणार नाही. माझ्याकडे अशी मुलं येतात तेव्हा त्यांनी आधी वर्षभर 'घाणेरडा' हे ऐकून घेतलेलं असतं.

म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, यकृत आणि रक्तदाब तपासायला हवेत. रात्री तो जोरात घोरतो का, कधी स्टिरॉइडची औषधं चालू होती का, हेही सांगा. थायरॉइड कमी पडलं की सहसा उंचीही रेंगाळते. त्याची तर वाढतेय, त्यामुळे ती शक्यता मला कमी वाटते.

'आपोआप'वर विसंबू नका. त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २७ च्या वर जातो. मुलांसाठी वयानुसार वेगळे तक्ते असतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात हा आकडा लठ्ठपणात मोडतो.

जेवण मात्र बंद करू नका. उपाशी झोपवलेलं मूल चोरून खातं, हे मी स्वानुभवाने सांगते. लहानपणी घरात मला एक टोपणनाव होतं, ते इथे लिहिणार नाही. पंगतीत ते ऐकलं की मी अर्धपोटी उठायची आणि नंतर अंधारात उभ्याउभ्या डबे रिकामे करायची. तेव्हा घरात त्याच्या वजनावर बोलणं थांबवा, कौतुकानेसुद्धा नको. आत्ता किलो उतरवायची घाई नाही. वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढत राहिली, तरी बीएमआय खाली येतो. पुढचं तपासण्या पाहून ठरेल.

सुरुवात पेयांपासून करा. ३३० मिलिलिटरच्या कोलाच्या डब्यात साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे सात चमचे साखर असते. दोन डबे झाले की चौदा. एवढी साखर चावून खायची तर नकोशी होईल, प्यायली की पोटाला पत्ताच लागत नाही. डब्यातला फळांचा रस हा काही सोज्वळ पर्याय नव्हे. पेयं घरात आणूच नका, आणि हा नियम घरातल्या सगळ्यांना लागू असू द्या. वडील पितात आणि मुलाला पाणी, असं कुठेच टिकलेलं मी पाहिलं नाही.

दुसरी गोष्ट झोपेची. या वयाला आठ ते दहा तास लागतात, त्याला मिळतात पाच. झोप तुटली की भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं. शिवाय जागं मूल खातंच. वयात येताना झोप मुळातच उशिरा येते, त्यामुळे दहाला झोपवायचा हट्ट फसेल. दर आठवड्याला पंधरा मिनिटं अलीकडे या. मोबाइल रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, तुमचाही.

व्यायामाचं म्हणाल तर दिवसाला सरासरी तासभर दम लागेल अशी हालचाल हवी, तुकड्यातुकड्यांनी चालेल. खेळ त्याने निवडावा.

आणि डॉक्टरांकडे गेलात की पाच मिनिटं तुम्ही बाहेर थांबा. शाळेत त्याला काय म्हणतात, ते तो तुमच्यासमोर सांगणार नाही.