डॉक्टरांना विचारा : गाठीच्या कॅन्सरला एकाच प्रकारच्या पेशी का पुरत नाहीत?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझा भाचा साडेचार वर्षांचा आहे, न्यूरोब्लास्टोमा (लहान मुलांमधला, नसांच्या कोवळ्या पेशींपासून होणारा गाठीचा कॅन्सर) आहे त्याला. पोटातली गाठ काढली, केमो झाली, ट्रान्सप्लांट पण झाला आणि आता स्कॅनमध्ये परत हाडांत दिसतंय. मुंबईत कार-टी निघालीय ना, मग ती याला का देत नाहीत? आणि आता म्हणे दोन-तीन प्रकारच्या पेशी एकत्र करून देतात, ते नक्की काय असतं? – एक मामा, सातारा

उत्तर : दादा, आधी मुंबईच्या कार-टीचं सांगतो (कार-टी म्हणजे पेशंटच्याच टी-पेशी, रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी, जनुक बदलून कॅन्सरची खूण ओळखायला शिकवलेल्या), कारण हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंच. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून तयार केलेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, फार मोठी गोष्ट आहे ती, पण ती रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे आणि ती पण १५ वर्षांपासून पुढच्या पेशंटसाठी. त्या पेशी सीडी-१९ नावाची खूण शोधतात, ती बी-पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींवर असते, तुमच्या भाच्याच्या गाठीवर ती नसतेच. म्हणजे दिली तरी त्या पेशी गाठीकडे बघणारच नाहीत. डॉक्टर देत नाहीयेत ते म्हणून.

न्यूरोब्लास्टोमावर खूण असते ती जीडी-२ ची. त्यावर सगळ्यात चांगलं काम झालंय रोमच्या बाम्बिनो जेझू या मुलांच्या हॉस्पिटलात, २०२३ मध्ये त्यांनी २७ पेशंटचा रिझल्ट छापला, परत आलेला किंवा औषधाला दाद न देणारा आजार असलेलीच बहुतेक मुलं होती, त्यातल्या १७ जणांमध्ये आजार कमी झाला आणि ९ जणांमध्ये तर पूर्ण दिसेनासा झाला. ज्यांच्यासाठी आमच्याकडे सांगायला काही उरलेलं नसतं अशा मुलांमध्ये हे झालंय, त्यामुळे मी हा आकडा हलका मानत नाही. पण उरलेल्या १० जणांचं काय, हा प्रश्न राहतोच, आणि ज्यांना फायदा झाला त्यांच्यातही काहींचा आजार नंतर परत आला.

पेशी एकत्र करण्याचा विचार तिथूनच येतो. रक्ताच्या कॅन्सरमध्ये शत्रू रक्तातच फिरत असतो, कार-टी सोडली की त्यांची भेट होतेच. घट्ट गाठीत तसं नसतं, एक तर आत शिरायलाच अवघड, शिरल्या तर तिथे टीजीएफ-बीटा सारखी रसायनं टी-पेशींना सुस्त करतात, वर गाठीने आपल्याच शरीरातल्या मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी फितवून आपल्या बाजूने वळवलेल्या असतात. आणि गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात, काहींवर जीडी-२ कमी असतं, त्या वाचतात आणि त्याच पुढे वाढतात.

आता प्रत्येक पेशीचं बघणं वेगळं असतं. साधी टी-पेशी कॅन्सर ओळखते ती एचएलए नावाच्या प्रोटीनवर मांडलेले तुकडे बघून, आणि न्यूरोब्लास्टोमा हे एचएलए लपवण्यात पटाईत आहे. एनके (नॅचरल किलर) या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिकार पेशींचं बरोब्बर उलट, जिथे एचएलए कमी दिसतं तिथेच त्यांना संशय येतो. एनकेटी म्हणून तिसरा प्रकार आहे, त्या ह्या फितूर मॅक्रोफेजना मारू शकतात, ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजने त्यांनाच जीडी-२ चा कार (म्हणजे ती खूण ओळखणारा शोधक) बसवला आणि १२ मुलांना दिल्या, ३ जणांमध्ये गाठी कमी झाल्या. आकडा लहान आहे, पण त्रास फार झाला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. वॉशिंग्टनच्या चिल्ड्रन्स नॅशनलमध्ये चौथा रस्ता धरला, जनुकात काही बदल न करता डब्ल्यूटी-१, प्रेम (PRAME, हे प्रोटीनचं नाव आहे) आणि सर्व्हायव्हिन ह्या तीन खुणा एकदम ओळखणाऱ्या टी-पेशी वाढवून दिल्या, म्हणजे गाठीने एक खूण टाकली तरी दोन उरतात. एकीची उणीव दुसरीने भरून काढायची, एवढीच ती कल्पना.

मग सगळ्या एकदम का देत नाहीत? दादा, इथेच खरी मेहनत आहे. पेशी देण्याआधी सायक्लोफॉस्फमाइड आणि फ्लुडाराबिन ही केमोची औषधं देऊन शरीरात जागा करावी लागते, पहिल्या पेशी दिल्यावर दुसऱ्यांसाठी तेच परत केलं तर पहिल्याच मरणार. कार-टीने ताप, बीपी पडणं असं वादळ उठलं आणि स्टेरॉइड द्यावं लागलं तर दुसऱ्या पेशींनाही ते मारक. कोणाला आधी, किती अंतराने, किती डोस, हे सगळं पायरी पायरीनेच ठरवावं लागतं. आणि मूल लहान असतं हो! १३-१४ किलोच्या पोराच्या रक्तातून पेशी गोळा करायच्या तर मशीनच्या नळ्या आधी दुसऱ्याच्या रक्ताने भरून घ्याव्या लागतात, नाहीतर त्याचंच रक्त नळ्यांमध्ये अडकून बीपी पडेल, त्यात ते काही तास हलायचं नाही आणि इतक्या केमोनंतर हाती येणाऱ्या टी-पेशी दमलेल्याच असतात. २०२२ मध्ये नेक्स्टजेन नावाची अमेरिका-ब्रिटनची मोठी टीम ह्याच कामासाठी उभी राहिली, मुलांच्या गाठींसाठीच, त्यांना दोन कोटी पाउंडांपर्यंत निधी जाहीर झाला.

तुमच्या भाच्यासाठी आत्ता विचारायचं ते जीडी-२ च्या अँटिबॉडीबद्दल (त्या खुणेला चिकटणारं औषध), डिनुटुक्सिमॅब किंवा नॅक्सिटॅमॅब. महाग आहे, दुखतंही खूप कारण जीडी-२ नसांवरही असतं, पण केमोबरोबर देता येतं का हे तुमच्या डॉक्टरांशी नीट बसून बोला, मदत करणाऱ्या ट्रस्टची माहिती हॉस्पिटलच्या सोशल वर्करकडे मिळेल.

प्रश्न : माझ्या लेकीला माझ्या पेशी दिल्या तर चालतील का? मी आई आहे, ब्लडग्रुप पण सेम आहे. – एक आई, नांदेड

उत्तर : ताई, ब्लडग्रुपवर हे ठरत नाही, पण तुमचा विचार अगदी बरोबर दिशेने आहे. अमेरिकेत सेंट ज्यूडमध्ये न्यूरोब्लास्टोमा परत आलेल्या किंवा औषधाला दाद न देणाऱ्या १३ मुलांना केमो, जीडी-२ ची अँटिबॉडी आणि आई किंवा वडलांच्या एनके पेशी असं तिन्ही मिळून दिलं, ८ जणांना फायदा झाला. अँटिबॉडी गाठीला चिकटते आणि तिचं शेपूट एनके पेशी पकडते. आईच्या एनके पेशी अर्ध्याच जुळणाऱ्या असतात आणि इथे ते न जुळणंच कामाला येतं, कारण मुलीच्या स्वतःच्या एनके पेशींना जो 'हे आपलंच आहे' असा ब्रेक लागतो तो तुमच्या पेशींना कधीकधी लागत नाही. फक्त त्या काही दिवस-आठवडेच टिकतात, म्हणून परत परत द्याव्या लागतात. हे सगळं ट्रायलमध्येच (नोंदणी केलेल्या वैद्यकीय प्रयोगातच), साध्या ओपीडीत नाही.

प्रश्न : एका ठिकाणी 'इम्युन सेल पॅकेज' सांगतायत, एनके आणि डेन्ड्रायटिक (आणखी एक प्रकारच्या प्रतिकार पेशी) दोन्ही, सहा डोस, पैसे आधी भरायचे. जायचं का? – पुण्याहून एक बाबा

उत्तर : नाही. आधी त्यांच्याकडे सीटीआरआयचा (देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी नंबर मागा, एथिक्स कमिटीचं पत्र मागा, पेशी कुठल्या लॅबमध्ये तयार होतात ते विचारा. ट्रायल असेल तर प्रयोगाच्या औषधाचे पैसे पालकांकडून घेत नाहीत. पैसे भरायच्या आधी ते कागद मुलाच्या मूळ कॅन्सर डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांना दाखवू नका असं कोणी म्हणालं तर तिथून सरळ उठून या.