लष्करातली सेवा संपल्यावर डॉक्टरला गावाकडे प्रॅक्टिस जमते का?

आर्मी मेडिकल कोअरमधली तुमची शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक वर्षांची नोकरी, संपत आलीये, गावाकडे दवाखाना टाकायचा विचार आहे आणि बाहेरचे पेशंट जमतील का, असं तुम्ही विचारलंय. जमतील. मी पुण्याच्या एएफएमसीचा, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजचा. काही वर्षं आरएमओ, म्हणजे पलटणीचा डॉक्टर होतो, आता सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो.

पलटणीत उपचार हा हुकमाचा भाग असतो. उंचावर जाणाऱ्या तुकडीला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून ९ ते १२ हजार फुटांवर ६ दिवस थांबवायचं म्हणजे थांबवायचं. रात्री कुणाला धाप लागली, कोरडा खोकला सुरू झाला, की हापोचा, म्हणजे उंचीमुळे फुफ्फुसात पाणी होण्याचा, संशय धरून ऑक्सिजन लावायचा आणि लवकरात लवकर खाली उतरवायचं. पैशाचा विषयच निघत नाही. एमआय रूममधून, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यातून, गोळ्या मिळतात, आराम लिहून दिला की जवानाला आराम मिळतो.

गावात हे सगळं पेशंटच्या घरात ठरतं. माझ्याकडे रक्तदाबाचे एक आजोबा येतात. औषध चालू असूनही प्रेशर १७०च्या खाली येईना. डोस वाढवण्याआधी मी त्यांना गोळ्यांची पिशवी घेऊन बोलावलं. महिनाभरात संपायला हवी होती ती पाकिटं निम्मी भरलेली. "एक दिसाआड घेतो डॉक्टर, म्हंजी दोन महिनं पुरत्यात." त्यांना स्वस्तातली जेनेरिक गोळी लिहून दिली, सुनेला समोर बसवून रोज का घ्यायची ते सांगितलं. पुढच्या खेपेला प्रेशर उतरलेलं होतं. ही चौकशी हेच आता तुमचं मुख्य काम, असं मी मनापासून सांगेन. परवडतं का, घरी कोण देतं, मागचं औषध का बंद केलं, हे विचारल्याशिवाय पेन उचलू नका.

एक गोष्ट मात्र तुमच्या गाठीशी आहे. मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा लष्करी दर्जा, खाली जाईल या भीतीने गुडघा दुखत असूनही "ठीक हूँ साब" म्हणणारे जवान तुम्ही पाहिलेत. न सांगितलेलं दुखणं ओळखायची ती नजर इथे रोज लागते, विशेषतः बायकांच्या बाबतीत. सगळ्यांचं झाल्यावर, जाता जाता त्या स्वतःचं सांगतात.

कमी पडतं ते लहान मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं काम, कारण पलटणीत बहुतेक पेशंट तरुण आणि धडधाकट. दवाखाना उघडण्याआधी काही महिने एखाद्या ग्रामीण रुग्णालयात काढा. जुलाबाने सुकलेलं बाळ, सर्पदंश, कीटकनाशक पोटात गेलेला शेतकरी, हे सगळं तिथे अनुभवी माणसाच्या हाताखाली बघायला मिळतं.

कागदपत्रांचं थोडक्यात: नोंदणी दुसऱ्या राज्यातली असेल तर ती आधीच महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणा. सुरुवातीला उत्पन्न कमी राहील. माजी सैनिकांसाठी २००३ साली सुरू झालेल्या ईसीएचएस या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टर कंत्राटावर घेतात, त्यांच्या जाहिरातींवर आत्तापासूनच लक्ष ठेवा.