सफरचंदाचा घास

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. दोन महिन्यांत जुन्या ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ मालिकेचे 79 भाग संपवलेस, मग जे. जे. अब्राम्सचा त्याच पात्रांवरचा 2009चा सिनेमा लावलास आणि तुझं डोकंच फिरलं. आता त्यावर लेख लिहायचाय, आणि पहिलं वाक्य तयार आहे: ‘हे स्टार ट्रेक नाहीच.’ वाक्य खोडू नकोस, वहीत असू दे. पण लेख त्यावरून सुरू करू नकोस. का, ते सांगतो.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची, तेव्हा मी सांगलीत शाळेत होतो. टीव्ही शेजारच्या काकूंचा, ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरवाला. इंग्रजी निम्मंही कळायचं नाही. भावना दाबून ठेवणाऱ्या परग्रहवासी स्पॉकची एक भुवई वर गेली की काहीतरी गडबड आहे, एवढं समजायचं, आणि तेवढ्यावर आठवडा निघायचा. सगळ्यांचे शर्ट करडे. कॅप्टन कर्कचा पिवळा आणि स्पॉकचा निळा आहे, हे मला कितीतरी वर्षांनी रंगीत पाहताना कळलं, आणि खरं सांगतो, त्या दिवशी वाईट वाटलं. माझा स्पॉक करडाच होता. जुन्यावर माया करणाऱ्या माणसाच्या मनात मूळ कलाकृती असते, आणि तिला चिकटून काकूंची खोलीही असते. नव्या सिनेमानं नेमकं कशाला धक्का लावला, हे आधी स्वतःला विचार.

2009 साली मी पुण्यात हा सिनेमा एकटाच पाहायला गेलो. स्पॉकचा व्हल्कन ग्रह डोळ्यांदेखत कोसळला. सहा अब्ज लोक गेले, स्पॉकच्या अंदाजानं दहा हजार उरले. मध्यंतरात सगळे पॉपकॉर्नच्या रांगेत आणि मी खुर्चीतच. ज्या ग्रहावर आमची एवढी कथानकं उभी, तो यांनी तासाभरात पुसून टाकला! घरी येऊन तीन पानं लिहिली, तुझ्या पत्रासारखीच. आठवड्यानं वाचली तेव्हा दिसलं, की त्यात सिनेमा कुठेच नव्हता. सगळं माझंच होतं.

आता तुझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. ‘स्पॉकला भावनाविवश केलाय’ असं तू लिहितेस. पोरी, पहिल्या सीझनमधला ‘द नेकेड टाइम’ आठव. त्या विचित्र रोगाच्या अमलात सगळ्या जहाजाचं मनावरचं झाकण उडतं. स्पॉक एका रिकाम्या खोलीत शिरतो, टेबलाशी बसतो आणि रडतो. का? तर ‘आईवर माझं प्रेम आहे, हे तिला कधी सांगता आलं नाही.’ हे 1966 सालातलं, लिओनार्ड निमॉयनं केलेलं. आता 2009चा तो क्षण परत लाव. व्हल्कनवर पायाखालचा कडा तुटतो, आई खाली जाते आणि तेवढ्यात किरण स्पॉकला उचलून जहाजावर आणतात. नवा स्पॉक झॅकरी क्विंटो तिथे उभा आहे, हात अजून पुढे लांबवलेला, समोर कोणी नाही. कॅमेरा त्या हातावर थांबतो. जे 43 वर्षांपूर्वीच्या स्पॉकला सांगता आलं नाही, ते सांगायची संधीच या स्पॉककडून काढून घेतली गेली. ज्यानं जुना भाग पाहिलाय त्यालाच हा हात पूर्ण कळतो. तू तो पाहिलायस, तरी रागाच्या भरात विसरलीस. म्हणून सांगतो, लिहिण्याआधी सिनेमा पुन्हा बघच, आणि त्याआधी मूळ मालिका पुन्हा तपास. आठवणीच्या भरवशावर मूळ गोष्टीचा दाखला देऊ नये.

म्हणजे सिनेमा निर्दोष आहे, असं मी म्हणत नाही. मला त्याचा एक दोष फार मोठा वाटतो. लोक ज्यावर चिडतात, ते भिंगातून चमकणारे दिवे किंवा ते ‘रेड मॅटर’ नावाचं अशक्य द्रव्य, हे मी सोडून देईन. माझी तक्रार सफरचंदाबद्दल आहे.

कोबायाशी मारूची परीक्षा आठवते ना? जिंकताच येत नाही अशी परीक्षा. ती पहिल्यांदा आली 1982च्या ‘द रॅथ ऑफ खान’ या स्टार ट्रेक सिनेमात, आणि तिच्यामागे तुझ्या-माझ्यासारख्या चाहत्यांचा रागही आहे. त्या सिनेमात स्पॉक मरणार, ही बातमी आधीच फुटली आणि चाहते खवळले. तेव्हा दिग्दर्शक निकोलस मायर आणि मंडळींनी सुरुवातीलाच, परीक्षेच्या खोट्या जहाजावर, स्पॉकला ‘मारलं’. थोड्याच वेळात कर्क त्याला विचारतो, ‘तू मेला नव्हतास का?’ प्रेक्षक हसून निवांत झाले, आणि शेवटी तो खरंच गेला. मधे एका गुहेत विल्यम शॅटनरचा पन्नाशीकडे झुकलेला कर्क सफरचंद खात कबूल करतो, की तरुणपणी मी लबाडी करून ती परीक्षा जिंकलो, मला हरायला आवडत नाही. अर्ध्याएक तासानं काचेपलीकडे जिवलग मित्र मरतो. मरणाला कधी सामोराच न गेलेल्या माणसाला त्या घासाची किंमत मोजावी लागते.

2009मध्ये नवा कर्क क्रिस पाइन तीच परीक्षा देताना तेच सफरचंद चावतो. पाहताना मला आधी आनंदच झाला. हा मुलगा उद्धट असणार, कारण खरी कोबायाशी मारू त्याच्या बापानं आधीच दिलेली आहे. पहिल्या दहा-बारा मिनिटांत जॉर्ज कर्क, जेमतेम 12 मिनिटांचा कॅप्टन, आपलं जहाज शत्रूच्या जहाजावर घालतो. तिकडे पळत्या शटलमध्ये बायको बाळंत होतेय आणि तो मरता मरता दोघं बाळाचं नाव ठरवतात. 800 जीव वाचतात. त्याच प्रसंगात एक बाई जहाजाला पडलेल्या भोकातून बाहेर फेकली जाते आणि सगळा आवाज एकदम बंद होतो. अवकाश असंच असणार, मुकं. एवढा सुंदर पाया घातल्यावर सिनेमा पुढे काय करतो? पोराला काहीच गमवावं लागत नाही. शेवटी विद्यार्थ्याचा थेट कॅप्टन होतो. 2013च्या पुढच्या भागात कर्कला मरण दिलं, पण तेही थोड्याच वेळात परत घेतलं. सफरचंद उचललं, त्याची किंमत मात्र चुकवली नाही. माझ्या मते खरी तक्रार ही आहे, आणि ती सिनेमातूनच सिद्ध करता येते. तिच्यासाठी ‘आमच्या वेळी’ म्हणावं लागत नाही.

आणखी एक. जे आवडलं तेही लिहायला लाजू नकोस. कार्ल अर्बनचा डॉक्टर मॅकॉय पडद्यावर आला तेव्हा मी थिएटरात एकटाच मोठ्यानं हसलो होतो. तीच चिडचिड, तीच माया.

आणि बर्फाची ती गुहा. भविष्यातून आलेला म्हातारा स्पॉक, म्हणजे निमॉय, समोरच्या तरण्या कर्कला म्हणतो, की मी तुझा मित्र होतो आणि नेहमीच राहीन. 1982 साली काचेपलीकडून मरताना म्हटलेलेच हे शब्द. समोरच्या पोराला त्यांचा अर्थ माहीत नाही. थिएटरातल्या निम्म्या लोकांनाही नसेल. तो म्हातारा ज्या मित्राशी बोलत होता, तो त्या गुहेत नव्हताच. मी चष्मा काढून पुसत बसलो.

निमॉय 2015च्या फेब्रुवारीत गेला. त्या रात्री मी ‘द नेकेड टाइम’ लावला होता.

तू दोन्ही प्रसंग एकापाठोपाठ बघ, आधी रिकाम्या खोलीतलं रडणं, मग तो लांबवलेला हात. त्यावर एक पान लिही आणि पाठव. तुझं ते पहिलं वाक्य कुठे बसतं, ते आपण नंतर पाहू. दिवाळीत येशील तेव्हा 1982चा सिनेमा मिळून बघू, मी तो अजून कोणाबरोबर बसून पाहिलेला नाही.

तुझा,
काका